केळीचा मर रोग आणि बुरशीतले एक जनुक



जसोंडी काय किंवा बऱ्हाणपूर जिल्ह्यातले दुसरे कुठले गाव काय, चार केळीवाले एकत्र बसले की बोलणे भावावर येते, मग पाण्याच्या पाळीवर, मग हरण्या रोगावर. मर रोगाचे नाव फारसे कोणी काढत नाही. काढले तरी, "एखाद-दुसरे झाड बसते, त्यात काय?" असे म्हणून विषय संपतो. आजच्या लेखाचा विषय हा मर रोगच आहे. आणि त्याच्या निमित्ताने प्रयोगशाळेतले एक काम आहे, ज्याच्याशी आपला काही संबंध नाही असे आपण धरून चाललो आहोत. माझ्या मते तो संबंध फार जवळचा आहे.

मर रोग करणारी बुरशी फ्युजेरियम या नावाने ओळखली जाते. तिचे शरीर म्हणजे सुताहून बारीक तंतूंचे जाळे. शिळ्या भाकरीवर येते तीही तंतूंचीच बुरशी, आणि केळीच्या पानावर करपा पाडणारीही तशीच. फ्युजेरियम मुळातून शिरते आणि झाड ज्या नळ्यांतून पाणी वर ओढते त्या नळ्यांत वस्ती करते. नळ्या बंद पडल्या की भर पाण्यात उभे असलेले झाड तहानेने मरते. पूर्वी अमेरिका खंडात निर्यातीसाठी ग्रो मिशेल नावाची केळी लावत. या बुरशीच्या एका जातीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते मळे उद्ध्वस्त केले. तेव्हा जग कॅव्हेन्डिश गटाच्या केळीकडे वळले, कारण त्या जातीला ती दाद देत नसे. आपली बसराई आणि जी-नाईन ही त्याच गटातली.

पुढे तैवानमध्ये १९६० नंतरच्या दशकात कॅव्हेन्डिशही बसू लागली. बुरशीच्या या नव्या जहाल प्रकारास आज टी. आर. ४ म्हणतात. मलेशिया, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया असे करीत तो २०१३ साली जॉर्डन व मोझांबिक येथे आणि २०१९ साली दक्षिण अमेरिकेत कोलंबियाला पोहोचला. भारतात तो बिहारच्या कटिहार व पूर्णिया भागात ओळखला गेला आणि त्याचा शास्त्रीय अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर प्रदेशातील फैजाबाद, गुजरातेतील सुरत आणि मध्य प्रदेशातील आपला बऱ्हाणपूर ही नावेही या रोगाच्या यादीत आली आहेत. रावेर-यावलची केळी आपल्या शेजारची. आपली माणसे, रोपे, ट्रॅक्टर नि घडांच्या गाड्या रोज इकडून तिकडे जातात. रोगाला जिल्ह्याची नि राज्याची हद्द कळत नाही.

या बुरशीवर औषध नाही हे आधी समजून घ्या. आळवणीची बुरशीनाशके झाडाच्या नळ्यांत बसलेल्या बुरशीला संपवू शकत नाहीत. तिचे जाड कवचाचे बीजाणू रिकाम्या जमिनीतही वीस-वीस वर्षे आणि त्याहून अधिक काळ जिवंत राहतात. दुकानदार काहीही सांगो. करपा फवारणीने आटोक्यात येतो, म्हणून मरही येईल असे मानणे चुकीचे आहे.

मग उपाय कोणी शोधायचा आणि कसा? येथे प्रयोगशाळेचा विषय सुरू होतो. तो थोडा सविस्तर सांगतो, कारण त्याविषयी कुजबुज पुष्कळ आहे आणि माहिती थोडी.

कोणत्याही सजीवाच्या पेशीत हजारो जनुके असतात. तंतूंच्या बुरशीत साधारण दहा ते पंधरा हजार धरा. यांपैकी केळीला मारणारी कोणती? हे ओळखण्याची एकच पक्की रीत आहे. संशय असेल ते जनुक बुरशीतून काढून टाकायचे, बाकी सारे जसेच्या तसे ठेवायचे आणि ती बुरशी केळीच्या रोपाला लावायची. रोप जगले तर संशय खरा. तेवढ्यावर थांबायचे नाही. तेच जनुक परत बुरशीत घालायचे आणि रोग परत येतो का ते पाहायचे. आला, तर गुन्हा शाबीत झाला. कोर्टातही यापेक्षा चांगला पुरावा क्वचितच मिळत असेल.

ऐकायला हे सोपे वाटते, पण बुरशीच्या बाबतीत हे काम वर्षानुवर्षे रखडले. कारण असे. जनुक काढण्यासाठी बाहेरून तयार केलेला डीएनएचा तुकडा बुरशीच्या पेशीत सोडावा लागतो. त्या तुकड्याची दोन्ही टोके मूळ जागेच्या दोन्ही बाजूंशी जुळती असतात, म्हणजे तो त्या जागी बसून जुन्या जनुकाला बाहेर काढील ही अपेक्षा. पण बुरशी तो तुकडा भलत्याच ठिकाणी बसवून घेई. आपल्या भाषेत सांगायचे तर शास्त्रज्ञाला टोकण करायची होती, आणि बुरशी बी फेकून पेरीत होती. शंभर बुरशा तपासाव्यात तेव्हा कुठे दोन-चार मनासारख्या निघत. काही जातींत तेवढ्याही नाहीत.

हे का होते ते नीट कळण्यासाठी बऱ्हाणपूरच्या मागावर तुटलेला धागा जोडणारा कारागीर डोळ्यांपुढे आणा. घाईचा कारागीर हाताला लागेल ते टोक हाताला लागेल त्या टोकाशी गाठ मारून मोकळा होतो. सावकाश कारागीर त्याच रंगाचा, त्याच ओळीचा धागा शोधून जुळवतो. प्रत्येक पेशीत डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारे असे दोन्ही कारागीर असतात. तंतूंच्या बुरशीत घाईच्या कारागिराचा जोर जास्त, म्हणून बाहेरचा तुकडा कुठेही चिकटतो.

२००४ साली जपानच्या साइतामा विद्यापीठात न्युरोस्पोरा नावाच्या बुरशीवर एक प्रयोग झाला. ही पावावर येणारी नारिंगी बुरशी. तिच्यावरच्या १९४१ सालच्या कामासाठी बीडल आणि टेटम यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. एक जनुक एक विकर घडवते, ही गोष्ट त्यांनी याच बुरशीवर दाखवली. जपानी संशोधकांनी घाईच्या कारागिराचे जनुकच काढून टाकले; शास्त्रात त्याला 'कू' म्हणतात. आता पेशीला सावकाश कारागिराशिवाय गत्यंतर उरले नाही. पूर्वी शंभरांत दहा ते तीस बुरशांत तुकडा योग्य जागी बसे. आता, तुकड्याची जुळती टोके पुरेशी लांब असतील तर, शंभरांत शंभर. हा आकडा वाचून जगभरच्या बुरशीतज्ज्ञांनी आपापल्या बुरशीत तेच केले.

अर्थात यात एक अडचण आहेच. ज्या बुरशीत घाईचा कारागीर नाही, तिला अतिनील किरणांसारखे आघात जास्त बाधू शकतात. म्हणून काम झाल्यावर तो परत आणणे बरे. न्युरोस्पोराचा संकर करता येतो, त्यामुळे तिथे हे सोपे. केळीच्या फ्युजेरियममध्ये नर-मादीचा संयोग अजून आढळलेला नाही, तेव्हा तिथे ती वाट बंद. शिवाय एकाच तंतूत पुष्कळ केंद्रके असतात. एकात बदल झाला आणि शेजारच्यात नाही, असे झाले तर निकाल फसवा निघतो. म्हणून बदललेली बुरशी एकेका बीजाणूपासून पुन्हा वाढवून शुद्ध करून घ्यावी लागते. बियाण्याचा प्लॉट शुद्ध ठेवणाऱ्याला या कामातला जीव घेणारा कंटाळा वेगळा सांगायला नको.

नंतर क्रिस्पर नावाची कात्री आली. तिच्यासाठी शार्पेंतिये आणि डाउडना या दोन स्त्री शास्त्रज्ञांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या कात्रीला वीस अक्षरांची खूण दिली की ती डीएनएच्या लांबलचक धाग्यात तेवढीच जागा शोधून कापते. कापलेल्या जागीच दुरुस्ती करावी लागते, त्यामुळे दिलेला तुकडा तेथेच बसण्याची शक्यता पुष्कळ वाढते. २०१५ पासून ती तंतूंच्या बुरशांत वापरली जाऊ लागली. २०१८ साली अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठात फ्युजेरियमच्या याच प्रजातीत ही कात्री तयार स्वरूपात सोडून काम करून दाखवण्यात आले. म्हणजे कात्रीचे जनुक बुरशीत कायमचे ठेवण्याची गरज राहिली नाही.

आता आपल्या केळीकडे येऊ. टोमॅटोच्या मर रोगाच्या बुरशीत सिक्स नावाची जनुके आधी सापडली होती. बुरशी झाडाच्या रसवाहिनीत सोडते ती प्रथिने ही जनुके बनवतात. टी. आर. ४ मध्येही त्यांतली काही आढळली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी टी. आर. ४ मधून सिक्स-१ हे जनुक नेमके काढले. त्या बुरशीचा कॅव्हेन्डिश केळीवरचा जोर ओसरला. जनुक परत घातले, जोर परत आला. लाखो बीजाणूंच्या या शत्रूची एक नस अशी सापडली. यातून केळी उद्या वाचेल असे मी म्हणत नाही. पण कोणत्या हत्याराने वार होतो हे माहीत असेल तरच ढाल कशाची करावी हे ठरवता येते. शिवाय एखाद्या प्रकारातच असणाऱ्या जनुकांवरून मातीतली किंवा खोडातली बुरशी टी. आर. ४ आहे की साधी, हे काही तासांच्या चाचणीत सांगता येते. नुसत्या डोळ्यांनी तो फरक कोणालाही ओळखता येणार नाही.

काही वाचक म्हणतील, जनुके काढणे-घालणे हे निसर्गाशी खेळणे आहे, त्यापासून दूर राहिलेले बरे. या भीतीला मी हसणार नाही. पण एक लक्षात घ्या. टोमॅटोवरील फ्युजेरियम आपले एक संपूर्ण गुणसूत्र दुसऱ्या, निरुपद्रवी फ्युजेरियमला देऊन तिलाही रोगकारक करू शकते, हे २०१० साली प्रयोगात दिसले. बुरशी आमची परवानगी घेत नाही. आणि आपण ज्या पेनिसिलीनवर वाढलो, ते देणारी बुरशीही बदललेलीच. १९४३ साली अमेरिकेत एका खरबुजावरून मिळालेल्या पेनिसिलियमवर क्ष-किरणांचा नि अतिनील किरणांचा मारा करून भरपूर औषध देणारे वाण निवडण्यात आले. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला तो याच निवडीच्या युगात. त्या माऱ्याने बुरशीत आणखी कुठे कुठे काय बदलले ते कोणालाच ठाऊक नव्हते. एकच जनुक, ठरलेल्या जागी, माहीत असताना बदलणे हे त्या मानाने फार सभ्य काम आहे.

आरोग्याच्या बाबतीतही याचा उपयोग झाला आहे, आणि तो आपल्या फवारणी-पंपापर्यंत येतो. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही कुजत्या पाल्यात वाढणारी बुरशी अशक्त माणसाच्या फुफ्फुसात घर करते. तिच्यावर डॉक्टर अझोल गटाची औषधे देतात. नेदरलँड्समध्ये असे रोगी दिसू लागले की ज्यांनी ती औषधे कधी घेतली नव्हती, तरी त्यांची बुरशी औषधाला जुमानत नव्हती. तिच्या एका जनुकात ठरावीक बदल आढळला. ते बदललेले जनुक साध्या बुरशीत नेमके बसवून पाहिले, तेव्हा तीही औषधाला जुमानेना. दोष त्या बदलातच आहे हे तेव्हा सिद्ध झाले. शेतात वापरल्या जाणाऱ्या अझोल बुरशीनाशकांच्या संपर्कात राहून बुरशीत हा बदल टिकला असावा, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे. २०१२ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी भारतातील रुग्णांत आणि मातीतही तशी बुरशी सापडल्याचे प्रसिद्ध केले. करप्यासाठी आपण मारतो ते प्रोपिकोनॅझोल याच गटातले. म्हणून करप्यावर तेच तेच औषध दर पंधरा दिवसांनी मारू नये, गट बदलावा आणि फवारताना तोंडाला फडके बांधावे. घरात दम्याचे किंवा क्षयातून उठलेले माणूस असेल तर कुजलेला पाला उपसण्याचे काम त्याला देऊ नये.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो.

माझे म्हणणे दोन भागांत आहे, आणि दोन्ही भाग एकत्र वाचावेत. बंद प्रयोगशाळेत बुरशीचे एकेक जनुक काढून पाहण्याचे काम जोरात चालले पाहिजे, त्याला सरकारने पैसा दिला पाहिजे आणि ते आपल्या मातीत सापडणाऱ्या बुरशीवर झाले पाहिजे. परदेशात मिळालेला निकाल बऱ्हाणपूरच्या बुरशीला आणि जी-नाईनला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र हे काम करू शकते. त्यासाठी लागणारे नमुने आपल्या शेतांतून जायला हवेत आणि निकाल आपल्या भाषेत परत यायला हवेत.

पण जनुक बदललेली बुरशी शेतात सोडण्याची गोष्ट वेगळी. उद्या कोणी व्यापारी येऊन सांगेल की, आमच्या मित्र-बुरशीत असा बदल केला आहे की ती मर रोगाला खाऊन टाकते, एकरी दोन किलो टाका. अशा मालाला आपण नाही म्हणावे. बीटी कपाशी २००२ साली परवानगीने आली. तिच्या आधी आणि नंतर बिनपरवानगीचे बियाणेही आडमार्गाने आलेच. बी निदान उपटून टाकता येते. मातीत शिरलेली बुरशी कशी उपटणार? बदल केलेले सूक्ष्मजीव आपल्याकडे १९८९ च्या नियमांखाली येतात आणि त्यांना केंद्राच्या समितीची परवानगी लागते. २०२२ साली काही प्रकारच्या जनुक-संपादित पिकांना या नियमांतून सूट मिळाली, ती फक्त वनस्पतींना, बुरशीला नाही. ही सूट बुरशीला द्यावी अशी मागणी पुढे कधी झाली, तर शेतकऱ्यांनी तिला विरोध करावा असे माझे मत आहे.

मित्र-बुरशीला माझा विरोध नाही. ट्रायकोडर्मा आपण वापरतोच. लखनौ येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या दोन संस्थांनी ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीपासून फ्युसिकॉन्ट नावाचे औषध तयार केले आणि बिहार-उत्तर प्रदेशातील मरग्रस्त केळीत ते वापरून पाहिले. त्यात निवडलेली बुरशी आहे. या रीसीचा इतिहास गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजू लागले, तेव्हा त्या कापडावर ती सापडली. कापूस खाणारी बुरशी! कापूस पिकवणाऱ्या नि कापड विणणाऱ्या आपल्या भागाने तिच्याकडून केळी वाचवून घ्यावी, हा योग म्हणायचा. मात्र बाजारातल्या प्रत्येक पाकिटात जिवंत ट्रायकोडर्मा असतेच असे समजू नका. केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहा. उन्हात दुकानाबाहेर रचून ठेवलेले पाकीट घेऊच नका.

केळीच्या झाडातच बदल करण्याचा मार्गही आहे. ऑस्ट्रेलियात रानकेळीतले एक जनुक कॅव्हेन्डिशमध्ये घालून तयार केलेल्या जातीला २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारची परवानगी मिळाली. तैवानने मात्र हजारो टिश्यूकल्चर रोपांतून आपोआप बदललेली, रोगाला तोंड देणारी झाडे निवडून वाण काढले. तैवानचा मार्ग मला आपल्यासाठी जास्त जवळचा वाटतो, कारण त्याला मुख्यत्वे चिकाटी लागते. पण दोन्ही मार्गांना बुरशीचे हत्यार कोणते हे माहीत असण्याचा फायदाच होईल.

हे सारे होईपर्यंत बाग कशी राखायची? आधी रोग ओळखा. हरण्यात कोवळ्या पानांवर फिकट पिवळे पट्टे येतात. मरमध्ये जुनी, खालची पाने कडेने पिवळी पडतात, देठाशी मोडतात आणि खोडाभोवती लुगड्याच्या निऱ्यांसारखी लोंबतात. बुंध्याशी खोड उभे फाटते. खोड आडवे कापले तर आत तांबूस-तपकिरी ठिपके नि रेषा दिसतात. असे झाड दिसले की त्याचे मुनवे काढून शेजाऱ्याला देऊ नका, दुसऱ्या शेतातही लावू नका. हे मी हात जोडून सांगतो. नात्यागोत्यात कंद फुकट देण्याची आपली रीत चांगली आहे. मर दिसलेल्या शेतापुरती ती थांबवावी लागेल. टिश्यूकल्चरचे रोप येताना निरोगी असते, पण त्याला रोग होत नाही असा त्याचा अर्थ नव्हे. रोगट तुकड्यातून वाहून येणारे पाटाचे पाणी चांगल्या बागेत जाऊ देऊ नये. भाड्याचा ट्रॅक्टर शेतात घेण्याआधी फाळाची नि चाकांची माती धुऊन घ्यावी, कोयतेही धुवावेत. मजुरांना हसू येईल, येऊ द्या.

आणि नमुना तपासायला द्या. रोगट झाड उपटून बैलगाडीत घालून कृषी कार्यालयात नेऊ नका, वाटभर माती सांडेल. अधिकाऱ्याला शेतावर बोलवा. खोडातल्या तपकिरी पडलेल्या धाग्यांचे बोटभर तुकडे कापून, टीपकागदात गुंडाळून, सावलीत सुकवून कागदी पाकिटात घालायचे असतात. प्लास्टिकमध्ये ते कुजतात आणि तपासणी वाया जाते. पाकिटावर गावाचे नाव, जात, लागवडीचा महिना आणि रोपे किंवा कंद कोठून आणले ते लिहावे.